'सुमारे' खोडू नका : धर्मशिक्षण पुस्तक समितीला खुलं पत्र

आदरणीय फादर, सिस्टर आणि समितीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही धर्मशिक्षणाची नवी पुस्तकं वाटली. आमचा सातवीचा वर्ग देवळामागच्या पडवीत भरतो. बाहेर पाऊस इतका होता की मला ओरडून शिकवावं लागत होतं. नवं पुस्तक हातात आलं की मुलं आधी पानं चाळतात, चित्रं बघतात. एक मुलगी मात्र ४७ व्या पानावरची सनावळी बोट ठेवून वरून खाली वाचत होती. ती मध्येच थांबली आणि उभी राहिली. "टीचर, इथे लिहिलंय हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. त्याच्या खालच्या ओळीत आहे, येशूचा जन्म इसवी सन १. मग बेथलेहेमातली बाळं मारली कोणी?"

वर्गात चौतीस मुलं होती. सगळ्यांनी ४७ वं पान उघडलं.

मी तिला उत्तर दिलं. पण ते उत्तर ज्या परिच्छेदात होतं, तो परिच्छेद तुम्ही पुस्तकातून काढून टाकला आहे. म्हणून हे पत्र.

माझी ओळख समितीला आहे. इतरही हे वाचणार, म्हणून सांगते. हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आमच्या धर्मग्रामात रविवारचं धर्मशिक्षण बावीस वर्षं घेते आहे. दोन वर्षांपूर्वी समितीनेच मला बोलावून सांगितलं, "टीचर, सुरुवातीच्या ख्रिस्तसभेची एक सनावळी करून द्या, मुलांना काळाचं भान येऊ दे." मला फार आनंद झाला होता. मी तीन रकाने आखले : काय घडलं, केव्हा घडलं, कशावरून. चौदा पानं हाताने लिहिली, सुनेने ती टाइप केली. सोबत दोन पानांचं टिपण जोडलं, 'जुन्या साधनांत मेळ बसत नाही तिथे'.

छापून आलेल्या पुस्तकात तिसरा रकाना नाही. टिपण नाही. आणि 'सुमारे' हा शब्द एकोणीस ठिकाणी खोडला आहे. मी मोजून सांगते आहे, कारण माझी प्रत माझ्याजवळ आहे. मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. एकदा सभेनंतर जिन्यात उभ्या उभ्या एवढंच कळलं की मुलांचा विश्वास डळमळेल, आणि परीक्षेचे पेपर तपासायला एकच सन असलेला बरा.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार जन्माच्या वर्षाची. मत्तय सांगतो की येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात झाला, आणि हेरोदाने दोन वर्षांच्या व त्याहून लहान बाळांना मारवलं. म्हणजे जन्म हेरोदाच्या मृत्यूआधीचा. हेरोद कधी वारला, हे आपल्याला मुख्यतः जोसेफस या यहुदी इतिहासकारामुळे ठरवता येतं. तो लिहितो की हेरोदाच्या अखेरच्या दिवसांत चंद्रग्रहण झालं, आणि तो वारल्यावर यहुद्यांचा वल्हांडणाचा सण आला. ग्रहणं आज गणिताने मागे मोजता येतात. इ.स.पू. ४ च्या १३ मार्चच्या रात्री यरुशलेमेतून दिसेल असं ग्रहण होतं. इ.स.पू. १ मध्ये १० जानेवारीलाही होतं. पहिलं ग्रहण धरलं तर वल्हांडणापर्यंत जेमतेम एक महिना उरतो आणि जोसेफसने सांगितलेल्या सगळ्या घडामोडी त्यात कोंबाव्या लागतात. म्हणून काही अभ्यासक दुसरं ग्रहण धरतात. पण हेरोदाच्या मुलांची राजवर्षं मोजली तर ती मागे जाऊन इ.स.पू. ४ लाच टेकतात. अर्खेलावला इ.स. ६ मध्ये रोमने हद्दपार केलं, ते त्याच्या राज्याचं दहावं वर्ष, असं जोसेफस एके ठिकाणी म्हणतो. दुसरा मुलगा फिलिप सदतीस वर्षं राज्य करून रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ३३-३४ मध्ये वारला. या हिशोबांमुळे बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मानतात आणि येशूचा जन्म त्याआधी, साधारण इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान ठेवतात.

मग इसवी सन १ आलं कुठून? सहाव्या शतकात, ५२५ साली, रोममध्ये डायोनिसियस नावाचा मठवासी ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करत होता. तोवर अशा कोष्टकांत वर्षं मोजत ती डायोक्लेशियन या रोमन बादशहाच्या नावाने. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या बादशहाचं नाव आपल्या कोष्टकात नको, म्हणून त्याने वर्षं प्रभूच्या देहधारणेपासून मोजायला घेतली. हेतू अत्यंत पवित्र होता. गणित काही वर्षांनी चुकलं. २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी येशूच्या बालपणावरच्या आपल्या पुस्तकात हे स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. जे पोपना लिहायला जड गेलं नाही, ते आपल्या सातवीच्या पुस्तकाला का जड जावं?

आणखी एक गोष्ट. नाताळच्या रात्री मिस्सेआधी आपल्या देवळात जी ख्रिस्तजन्माची पारंपरिक घोषणा गायली जाते, ती आठवा. दिवे मंद असतात, सगळे उभे असतात : एकशे चौऱ्याण्णवाव्या ऑलिंपियाडमध्ये, रोम नगराच्या स्थापनेपासून सातशे बावन्नाव्या वर्षी, औगुस्त कैसराच्या कारकिर्दीच्या बेचाळिसाव्या वर्षी... रोम स्थापनेचं सातशे बावन्नावं वर्ष म्हणजे इ.स.पू. २. बेचाळिसावं वर्ष हा चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसचा आकडा. त्याच्याआधीचे ख्रिस्ती लेखक आयरेनियस आणि टर्टुलियन एक्केचाळिसावं म्हणत. म्हणजे वर्षानुवर्षं आपण देवळात जे भक्तीने ऐकतो, तेच आपल्या पुस्तकाच्या ४७ व्या पानाशी जुळत नाही.

सहामाही परीक्षेत 'येशूचा जन्म केव्हा झाला?' असा प्रश्न होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिलं, 'इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान'. बाजूच्या समासात बारीक अक्षरात कारणही लिहिलं, 'तेव्हा हेरोद जिवंत होता म्हणून'. उत्तरावर लाल फुली आणि दोनपैकी शून्य गुण. ती उत्तरपत्रिका त्याच्या आईने मला आणून दाखवली. समासातल्या त्या ओळीवरूनही लाल पेन फिरलं होतं. मी आयुष्यभर पेपर तपासले. कारण लिहिणाऱ्या मुलाला मी कधी शून्य दिलं नाही.

दुसरी तक्रार लोकांच्या नावनोंदणीची. लूक म्हणतो की येशूच्या जन्मावेळी क्विरीनिय हा रोमच्या सूरिया (सीरिया) प्रांताचा सुभेदार होता आणि तेव्हा ही पहिली नावनिशी झाली. जोसेफस म्हणतो की क्विरीनियची नोंदणी अर्खेलावला हाकलल्यावर झाली, आक्टियमच्या (इ.स.पू. ३१) लढाईनंतर सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ६ ते ७ मध्ये. हेरोदाच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी! ही गाठ मी माझ्या टिपणात जशी आहे तशीच ठेवली होती. टर्टुलियनने या नोंदणीचा संबंध सातुर्नीनस या दुसऱ्याच सुभेदाराशी जोडला, हेही लिहिलं होतं. त्या जागी पुस्तकात एक वाक्य आहे : 'क्विरीनिय दोनदा सुभेदार होता.' हे वाक्य कोणी घातलं मला माहीत नाही, पण ते वस्तुस्थिती म्हणून छापता येत नाही. या तर्काचा मोठा आधार म्हणजे तिवोलीजवळ १७६४ मध्ये सापडलेला एक फुटका शिलालेख. त्यात सूरियाच्या एका अधिकाऱ्याची कारकीर्द दिली आहे. पण ज्या भागात त्याचं नाव असणार, तो भागच तुटून गेला आहे. बिननावाच्या दगडावर आपण क्विरीनियचं नाव लिहिलं. कोणी म्हणतात, लूकच्या ग्रीक वाक्यातल्या 'पहिली' या शब्दाचा अर्थ 'क्विरीनियच्या आधीची' असा घ्यावा. कोणी म्हणतात, लूकची गल्लत झाली. मुलांना हे तिन्ही सांगा. त्यातलं एक निवडून बाकीची दोन लपवू नका.

क्रूसावरच्या मृत्यूच्या दिवसाबद्दलही तेच. चारही शुभवर्तमानं शुक्रवार सांगतात. मात्र मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे, तर योहानात पिलातापुढे उभं केलं त्या दिवशी वल्हांडणाची तयारी चालू आहे आणि भोजन अजून व्हायचं आहे. यहुद्यांचा महिना चंद्राचा आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होणारा. तिथी, क्षय, वृद्धी हे शब्द ज्यांच्या घरच्या दिनदर्शिकेत आहेत, त्या आपल्या मुलांना हे समजावणं अवघड नाही, उलट त्यांना मजा येते. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा अधिकारी होता. त्या वर्षांत योहानाच्या हिशोबाला जुळणारे शुक्रवार शोधले की मुख्यतः दोन समोर येतात : ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. लूकने योहान बाप्तिस्माकर्त्याची सुरुवात तिबिर्याच्या पंधराव्या वर्षी दिली आहे, त्यावरूनही हिशोब करता येतो; पण ते पंधरावं वर्ष औगुस्ताच्या मृत्यूपासून मोजायचं की त्याआधी दोघांनी मिळून केलेल्या जोडराज्यापासून, इथे पुन्हा मतं वेगळी. आपल्या पुस्तकात '३३' एवढंच आहे. निदान '३० किंवा ३३' छापायला किती शाई लागली असती?

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागली. शंका काढता काढता तुम्ही खात्रीची गोष्टही काढून टाकली.

प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहतो आणि यहुदी लोक त्याला अखया या रोमन प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्यापुढे उभं करतात. ग्रीसमध्ये डेल्फी इथे क्लौद्य कैसराच्या पत्राचा शिलालेख तुकड्यांत सापडला. त्यात गल्लियोचं नाव आहे, आणि कैसराला सव्विसाव्यांदा विजयघोष मिळाल्याचा उल्लेख आहे. त्यावरून पत्र ५२ सालचं ठरतं आणि गल्लियोचा कार्यकाळ ५१ ते ५२ च्या आसपास बसतो. पौलाच्या सगळ्या आयुष्याची सनावळी या एका खुंटीला टांगलेली आहे. तिथून पुढे आणि मागे मोजायचं. मागे मोजताना गलतीकरांस पत्रात पौलाने स्वतः सांगितलेली 'तीन वर्षं' आणि 'चौदा वर्षं' येतात. ती चौदा वर्षं त्याच्या परिवर्तनापासूनची, म्हणजे तो ख्रिस्ताकडे वळला तेव्हापासूनची, की पहिल्या यरुशलेम भेटीपासूनची, यावर वाद आहे, आणि म्हणून त्याच्या परिवर्तनाचं वर्षही नेमकं सांगता येत नाही.

मी वर्गात फळ्यावर एक उभी रेघ मारायचे, तिच्यावर 'गल्लियो' लिहायचे आणि मुलांना दोन्ही बाजूंना मोजायला लावायचे. मुलं बोटं मोडून वर्षं मोजत भांडायची. बायबलचं एक वाक्य आणि जमिनीतून निघालेला एक दगड एकमेकांना भेटतात, हे कळलं की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी पाहिली आहे. नव्या पुस्तकात गल्लियोचं नावही नाही. 'पौलाचं परिवर्तन, इ.स. ३४' आहे, आणि 'पौल करिंथमध्ये, इ.स. ५१' आहे. दोन्ही सारख्याच अक्षरांत. एक अंदाज आहे आणि एक जवळजवळ पक्कं आहे, हे मुलाला कसं कळावं? 'कशावरून' हा रकाना गेला की दोन्हींची किंमत एक होते.

आपल्या देशाच्या संदर्भात हेच झालं. 'संत थोमा भारतात, इ.स. ५२' अशी ओळ आहे. केरळच्या ख्रिस्ती बांधवांची ही परंपरा जुनी आणि जिवाभावाची आहे, ती पुस्तकात असायलाच हवी, परंपरा म्हणून. पण तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिलेल्या 'थोमाची कृत्यं' या ग्रंथात ५२ हा आकडा नाही. त्यात राजा आहे तो गोंडोफर्नीस, वायव्येकडचा. हा राजा कल्पित वाटत होता. एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली. तख्त-ए-बाही (आजच्या पाकिस्तानात) इथल्या शिलालेखात त्याच्या कारकिर्दीचं सव्विसावं वर्ष आणि संवत १०३ असं आहे. तो विक्रम संवत धरला तर इ.स. ४६ येतं. दुसरा संवत धरणारेही अभ्यासक आहेत. विक्रम संवत, शालिवाहन शक हे शब्द आपल्या मुलांना घरातून माहीत असतात. त्यांना ही गोष्ट पाच मिनिटांत कळते. एवढी आपल्या मातीतली गोष्ट आपण एका आकड्यासाठी सोडून दिली.

आता विश्वास डळमळण्याबद्दल. तुमची काळजी खरी आहे हे मी मानते. पण मी शाळेत शिवाजी महाराजांचा जन्म शिकवला आहे. शके १५४९चा वैशाख की शके १५५१चा फाल्गुन, हा वाद महाराष्ट्रात किती वर्षं चालला! जेधे शकावली उजेडात आली, अभ्यासकांनी कागद तपासले, अखेर सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मानली. तिथीवाले आजही वेगळ्या दिवशी जयंती करतात. या वादात महाराजांवरचं प्रेम कोणाचं कमी झालं? मी तरी एकही मूल पाहिलं नाही.

आणि एक जुनी हकीकत सांगते, ती समितीने शांतपणे ऐकावी. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला माक्सिमिन दाइया या बादशहाच्या काळात ख्रिस्ती धर्माची निंदा करण्यासाठी 'पिलाताची कृत्यं' नावाची बनावट कागदपत्रं पसरवली गेली. युसेबियस लिहितो की ती शाळाशाळांत वाटली, आणि मास्तरांनी नेहमीचा अभ्यास बाजूला ठेवून ती मुलांकडून पाठ करून घ्यावी असा हुकूम होता. लहान मुलं तोंडपाठ म्हणत फिरत होती. हे बनावट आहे, हे युसेबियसने दाखवलं ते कशावरून? सनावरून. त्या कागदांत ख्रिस्ताचा मृत्यू तिबिर्याच्या सातव्या वर्षी दिला होता. युसेबियसने जोसेफस उघडला आणि दाखवलं की पिलात यहुदियात आलाच तिबिर्याच्या बाराव्या वर्षी.

त्या मुलांना पाठ करायला लावलं होतं. तपासायला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या श्रद्धेची बाजू त्या दिवशी सांभाळली ती साधनं ताडून बघणाऱ्या माणसाने. तोच युसेबियस जन्माच्या नोंदणीबाबत लूक आणि जोसेफस यांना एकत्र बसवताना अडखळतो, हेही खरं आहे, आणि तेही मुलांना सांगायला मला संकोच वाटत नाही. १९६४ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने स्पष्ट केलं की शुभवर्तमानकारांनी प्रभूची वचनं आणि कृत्यं वेगवेगळ्या क्रमाने मांडली म्हणून त्यातल्या सत्याला बाध येत नाही. मी वर्गात जे सांगते ते याच्या बाहेरचं नाही.

माझ्या मागण्या अशा.

नाताळच्या आधी सर्व धर्मग्रामांना एक पानी शुद्धिपत्रक पाठवावं. त्यात निदान हेरोद आणि येशूजन्म यांच्या ओळी दुरुस्त कराव्यात आणि 'क्विरीनिय दोनदा सुभेदार होता' हे वाक्य काढावं. पुढच्या आवृत्तीत 'कशावरून' हा रकाना आणि 'सुमारे' हा शब्द जिथे होता तिथे परत यावा, गल्लियोचा शिलालेख परत यावा. माझंच टिपण छापा असा हट्ट नाही. त्यातलं एखादं वाक्य चूक असेल तर कोणतं ते मला सांगा, मी दुरुस्त करेन. दुसऱ्या जाणकाराने नव्याने लिहिलं तरी चालेल, माझं नाव कुठेही नको. ज्या मुलांनी इ.स.पू. ६ ते ४ असं उत्तर लिहिलं त्यांचे गुण त्यांना मिळावेत, आणि पेपर तपासणाऱ्यांना तशी लेखी सूचना जावी. जे धर्मशिक्षक रविवारी वर्गात उभे राहतात, त्यांना बोलावून एक बैठक घ्यावी, कारण असले प्रश्न समितीच्या टेबलावर येत नाहीत, आमच्या पडवीत येतात. आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं.

माझी मूळ प्रत, तीनही रकान्यांसह, मी धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवली आहे. कोणालाही बघता येईल.

त्या मुलीला मी सांगितलं आहे की तिचा प्रश्न बरोबर आहे आणि तो मी समितीपर्यंत पोचवीन. ती दर रविवारी विचारते, "टीचर, उत्तर आलं का?"

आपली नम्र,
आपल्याच धर्मप्रांतातील एक धर्मशिक्षिका